साक्षीदाराची सही

सोल्वेगताई,

धाकट्या भावाचा नमस्कार. मिशिगन सरोवरावरून थंडी सुटली आहे, तुझा गुडघा काय म्हणतो? (आईचाही याच महिन्यात कुरकुरायचा.) माझी तब्येत ठणठणीत, निवडणुकीची मात्र नाजूक आहे. आठ वर्षं राज्याचा अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे सगळ्यात मोठा सरकारी वकील, म्हणून काढली, आता तिसऱ्यांदा उभा आहे, आणि लोक अजून विचारतात, गाडी चुकीच्या जागी लावल्याचा दंड माफ करता का म्हणून.

शुक्रवारी आपल्या गावच्या चर्चमध्ये तळलेल्या माशांच्या जेवणाला गेलो होतो. तू नव्हतीस. पहिल्या निवडणुकीत बाबांचा ट्रक तू चालवायचीस, आणि समोर माणूस दिसला की माझ्या कानात पुटपुटायचीस, "हा बियर्के, बायको मॅरिट, तीन गाई मेल्यात, हसू नकोस." काय दिवस होते ग ते! चीज खात, भांडत सगळं राज्य पालथं घातलं आपण. या वेळी एकटाच होतो. बियर्केकाकांचा हात हातात घेऊन प्रेमाने विचारलं, "मॅरिटकाकू कशा आहेत?" काका म्हणाले, "अरे, तिच्या शवपेटीला तूच खांदा दिला होतास." मी घाईघाईने तोंडात मासा कोंबला. (काटा होता.) माझ्या पाठीत धपके घालत काका म्हणाले, "सोल्वेगला आणायचं ना, गाढवा!"

कोणत्या तोंडाने आणू? तुझ्या चीजच्या कारखान्यावर खटला मीच भरला. ओढ्यात घाण सोडत होते ते. उद्या वेळ आली तर पुन्हा भरीन. पण तीस वर्षं तू तिथे राबलीस, आणि तो बंद होणार हे तुला वर्तमानपत्रातून कळलं. मी फोन करायला हवा होता. घाबरलो, ताई. दोन वर्षं तू बोलत नाहीस, त्यात तुझं काही चुकलं नाही. तुझ्या अंगणात माझ्या विरोधकबाईंच्या प्रचाराची पाटी पाहिली. चांगली घट्ट ठोकलीयस.

तुझा,
आर्नी

ता. क. खरं काम राहिलंच. टपालाने मत पाठवताना पाकिटावर साक्षीदाराची सही विसरू नका, असं राज्यभर ओरडत हिंडलो, आणि माझंच पाकीट सहीवाचून परत आलं. नवी मतपत्रिका मिळाली आहे, ती साक्षीदारासमोर भरायची असते. शनिवारी सकाळी तुझ्या स्वयंपाकघरात येऊ का?

आणखी एक. साक्षीदार कोणीही चालतो, आणि माझ्या ऑफिसात शंभर वकील बसलेत, हे तुला कळल्याशिवाय राहणार नाही. तेव्हा सही नको वाटली तर नको करूस, एक मत जाईल. दार मात्र उघड.