न कापलेली पानं

३ ऑक्टोबर १८७४
दिवसभर नदीपलीकडच्या कुरणाची मोजणी. बूट भिजले. घरी आलो तर मासिक येऊन पडलेलं. गावात ते हातोहात फिरतं; वाचकांच्या यादीत यंदा पहिलं नाव आमचं. पानं नेहमीसारखी कडांना जोडलेली, कापल्याशिवाय वाचता न येणारी. ती कापायचं काम बायकोचं, पेलागेयाचं — शिंगाच्या सुरीनं, अगदी सरळ. तिला जाऊन सात महिने झाले. सुरी उचलली, परत ठेवली. मासिक तसंच पोस्टमास्तरांच्या विधवेकडे, उस्तिन्याबाईंकडे दिलं.

१२ ऑक्टोबर
उस्तिन्याबाईंकडे वाचन. कोबीचं सारण भरलेला पिरोग, रासबेरीचा मुरांबा. मासिकात क्रमशः येणाऱ्या कादंबरीतल्या क्रांतिवाल्या पोरांच्या म्होरक्यानं आपल्यातलाच एक सोबती तळ्यात बुडवायला लावला. गटातल्या मुलीला सगळं ठाऊक. बोलेल की गप्प बसेल?
फादर नीकांद्र म्हणाले, "गप्पच बसेल. शपथ घेतलीय तिनं."
"उपासाच्या शुक्रवारी सॉसेज खाणाऱ्यानं शपथेच्या गोष्टी करू नयेत!" — उस्तिन्याबाई.
फादरना ठसका! चहा दाढीतून ओघळला. मीही हसलो — मार्चनंतर पहिल्यांदा. घरी येताना अपराध्यासारखं वाटलं. मग वाटेनासं झालं.

२० ऑक्टोबर
न्हाव्यानं माझी दाढी अर्धी ठेवून विचारलं, "बोलेल ना हो ती?"

५ नोव्हेंबर
नवा अंक, जुनाच वाद. मुलगी अजून अडूनच.
फादर माझ्याकडे वळले, "सावेली कुझ्मिच, तुम्ही सांगा!"
तोंडातून निघून गेलं — "बोलो न बोलो, घरी यावी."
दोन वर्षांपूर्वी मीच लेकीला, तास्याला म्हणालो होतो, त्या क्रांतिवाल्यांबरोबर गेलीस तर बापाचं दार विसर. आणि ती गेली.
उस्तिन्याबाईंनी पिरोगचा सर्वांत मोठा तुकडा माझ्या ताटलीत सरकवला. निघताना दारात म्हणाल्या, "पेलागेया लेकीला माझ्याकरवी पत्रं धाडायची. पत्ता आहे माझ्याकडे. मी लिहू, की तुम्ही?"
"मीच."

६ नोव्हेंबर
चार ओळी लिहिल्या. आई गेली. मी चुकलो. ये. किल्ली जुन्याच विटेखाली आहे.

२ डिसेंबर
कादंबरीचा शेवटचा अंक आला. कापला नाही, टेबलावर ठेवलाय. तास्याला सुरीपर्यंत धीर नसायचा — केसांच्या आकड्यानंच पानं फाडायची. पेलागेया ओरडायची, "मासिकात उंदीर शिरला गं बाई!" आठवून एकटाच हसलो.

३ डिसेंबर
कचेरीतून परतलो. विटेखाली किल्ली नाही. दार नुसतं लोटलेलं. मासिकाची पानं शेवटपर्यंत मोकळी, कडा कुरतडल्यासारख्या. मागच्या न्हाणीघराच्या धुरांड्यातून धूर.
चहाचे दोन पेले मांडले. समोवार काठोकाठ भरला.