दुसऱ्या शनिवारची खोली

मी, नवल धनसिंग गिरासे, वय ७४, धंदा पूर्वी मांडव बांधण्याचा, शिक्षण पाचवी, तीही अर्धी, राहणार देवपूर, धुळे, हे मृत्युपत्र कोणाच्या दबावाखाली न येता, स्वतःच्या हाताने लिहीत आहे.

माझे डोके ठिकाणावर आहे. हे नुसते लिहून भागणार नाही म्हणून खुलासा करतो. मी मनाच्या आजाराची एक गोळी रोज घेतो. बाहेर निघताना गॅस बंद केला का, ते तीन वेळा पाहतो. पण तिसऱ्या वेळी पाहतानाही तो बंदच आहे हे मला ठाऊक असते. ज्याला हे ठाऊक असते तो वेडा नव्हे, असे डॉक्टरांनी मला समजावले आहे.

यापूर्वी मी दोन मृत्युपत्रे केली होती. एक मुलगा बबलू याच्याकडे होते, दुसरे मुलगी सारिका हिच्याकडे, जळगावात पिंप्राळ्याला. दोघांना एकमेकांच्या कागदाचा पत्ता नव्हता. ती दोन्ही मी परत मागून फाडली. आता हा एकच कागद खरा.

१. मागच्या दोन खोल्या आणि न्हाणी बबलूला द्यावी. तो तिथेच राहतो. न्हाणीचे दार खालून कुजले आहे, ते त्याने पावसाळ्याआधी बदलावे.

२. पोस्टात जे काही आहे ते सारिकाचे. तिच्या आईच्या, म्हणजे माझी कैलासवासी पत्नी लताबाई हिच्या, पाटल्याही तिच्याच. बबलूने यावर बोलू नये. आईच्या आजारपणात सारिका जळगावहून दर आठवड्याला येत होती आणि तो घरात असून बाहेर होता. हे मी रागाने लिहीत नाही. लिहिले नाही तर मला झोप येणार नाही.

३. बांबू, दोर आणि पहार रोहिदासने न्यावी. तो माझ्या हाताखाली शिकला. माझी मोठी शिडी बारा वर्षे त्याच्याकडे आहे, ती त्याच्याकडेच राहू द्यावी. फक्त ती माझी होती हे त्याने एकदा चार माणसांत म्हणावे.

४. आता पुढची खोली आणि ओटा. वाद याच्यावरच होणार, म्हणून सविस्तर लिहितो.

मांडवाच्या कामात मी प्रत्येक खांबाला दोन दोर बांधत असे. एक सुटला तर दुसरा धरतो. लताबाई गेल्यावर माझा जीव घाबरू लागला, तेव्हाही मी तेच केले. गल्लीत समोर डॉ. रोनक यांचा दवाखाना आहे. त्यांच्याकडे जाऊ लागलो. मग सारिकाकडे राहायला गेलो तेव्हा जळगावातही एक डॉक्टर धरले. "दुसरीकडे काही चालू आहे का?" असे त्यांनी विचारले होते. मी नाही म्हणालो. दोष त्यांचा नाही. दोघांनी दिलेली गोळी एकच होती, नावे निराळी. मी दोन्ही घेत राहिलो आणि धुळ्याला परतल्यावर एका सकाळी पांझरा नदीच्या पुलावर सायकलवरून पडलो.

ही गोष्ट सुलक्षणाताईंनी पकडली. त्या समुपदेशक आहेत, औषध देत नाहीत, बोलतात. मी पिशवीतून चष्मा काढताना दोन्ही पाकिटे खाली पडली. त्यांनी ती शेजारी शेजारी ठेवून पाहिली आणि विचारले, "आबा, डॉक्टरांना सांगू का?" मी होय म्हटल्यावर त्या मला घेऊन तडक डॉ. रोनक यांच्या दवाखान्यात गेल्या.

दवाखान्यात बसायला जागा नव्हती म्हणून तिघे माझ्या ओट्यावर बसलो. तिथे उषाबाई आधीच बसल्या होत्या. त्या शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या गावांत आरोग्याचे काम करतात आणि पेशंटला घेऊन बसने येतात. डॉक्टर म्हणाले, "आबांना मी तीन महिने तपासतोय आणि मला हे कळलं नाही." उषाबाई म्हणाल्या, "डॉक्टर, आमच्या गावात तर पाच जण आहेत असे." त्यावर सुलक्षणाताई म्हणाल्या, "मग आपण महिन्यातून एकदा बसू या ना." मी म्हणालो, बसा, खुर्च्या माझ्याकडे आहेत.

तेव्हापासून सहा वर्षे, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी तीन वाजता, माझ्या पुढच्या खोलीत बैठक होते. जळगावचे डॉक्टरही येतात. पेशंटचे नाव कोणी घेत नाही. आणि सुरुवात स्वतःच्या चुकीने करायची, हा नियम आहे. पहिल्या दिवशी तसे घडले म्हणून तोच पडला.

मी चहा देऊन मागे जातो, पण मधली भिंत पातळ आहे. ऐकू येते, हे मी त्यांना कबूल केले. तेव्हापासून ते पंखा मोठा करतात. त्याआधीचे जे कानावर पडले त्यातले थोडेच लिहितो. डोंगरातली एक बाई छातीत मुंग्या चालतात म्हणाली आणि डॉक्टरांनी तिला हृदयाच्या तपासण्या सांगितल्या. उषाबाईंनी विचारले, "तिचं मूल गेलं, ते तिने सांगितलं का?" डॉक्टरांनी विचारलेच नव्हते. उषाबाईंची चूक अशी की बरे वाटल्यावर गोळ्या बंद केल्या तरी चालते असे त्या लोकांना सांगत होत्या. त्या इथे शिकल्या. सुलक्षणाताईंचा एक पेशंट यायचा थांबला, त्यांनी चौकशी केली नाही, नंतर तो वारल्याचे कळले. त्या दिवशी बाकीचे सहा वाजेपर्यंत त्यांच्याजवळ नुसते बसून राहिले. चहा मी तसाच परत नेला. पुढच्या महिन्यात सुलक्षणाताई आल्या. मला वाटते, एकट्या असत्या तर त्यांनी ते काम सोडले असते.

बबलूला खोली भाड्याने द्यायची आहे. हे सगळे घरात कशाला, असे त्याने आमच्या अहिराणीत विचारले, "आबा, हाई बठ्ठं पागलखानं घरमा कसाले?" मी म्हणालो, "पागलखानं नही रे, हाऊ मांडव शे." तो म्हणाला, खोली त्यांना लिहून दिलीत तर मी कोर्टात सांगेन, आबा गोळ्या खातात.

तेव्हापासून माझी झोप पुन्हा गेली. मी बैठकीत विषय काढला. वकिलांनी सांगितलेले मी सर्वांना सांगितले की, ज्याला मिळते त्याने साक्षीला राहू नये, नाहीतर संशय येतो. सुलक्षणाताईंनी डॉक्टरांकडे पाहिले. डॉक्टर म्हणाले, "आबा, खोली नको. आम्ही साक्ष देतो."

मी म्हणालो, "मग बसाल कुठे?"

उषाबाई म्हणाल्या, "झाडाखाली बसू. खोलीपायी तुम्हाला कोर्टात वेडं ठरवू द्यायचं का?"

म्हणून असे लिहितो. पुढची खोली आणि ओटा बबलू आणि सारिका या दोघांना सारखा द्यावा. एकाने दुसऱ्याला विचारल्याशिवाय विकू नये किंवा भाड्याने देऊ नये. दोन दोर दोघांनी न बोलता ओढले तर खांब वाकडा होतो, हे मी पुलावर शिकलो. दुसऱ्या शनिवारी तीन ते सहा खोली उघडी ठेवावी. वकील म्हणतात अट घातली तर भांडण होईल, म्हणून ही विनंती समजावी. सारिका हो म्हणाली आहे. बबलूचा होकार बाकी आहे.

५. सोळा खुर्च्या, मोठी सतरंजी आणि चहाची किटली पुढच्या खोलीतच राहील. बैठक दुसरीकडे गेली तर हे सामान बैठकीबरोबर जावे आणि उषाबाईंच्या ताब्यात असावे. त्या साक्षीला नाहीत, म्हणून त्यांचे नाव घातले.

६. बैठकीने खोली घेतली नाही, पण एक गोष्ट घ्यावी. माझे कागद, दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, मी कोणाला काय खोटे सांगितले ते, मी बैठकीला देतो. नवीन कोणी शिकायला आले की त्यांना हे सांगावे. माझ्या बाबतीत नाव न घेण्याचा नियम पाळू नये. नवल गिरासे, मांडववाला, देवपूर, असे स्पष्ट म्हणावे. वकील म्हणाले, याला काही किंमत नाही, त्यामुळे साक्षीला अडचण नाही.

हे सर्व मी वाचून, समजून, बरोबर आहे म्हणून खाली सही करतो.

नवल धनसिंग गिरासे

साक्षीदार:
१. सुलक्षणा भिकन वाणी, समुपदेशक, धुळे. मजकूर नवल गिरासे यांनी आम्हा दोघांना स्वतः वाचून दाखवला आणि आमच्यासमोर सही केली.
२. डॉ. रोनक मिश्रीलाल ओस्तवाल, मनोविकारतज्ज्ञ, देवपूर. यांना मी सहा वर्षे तपासत आहे. आपण काय देतो आणि कोणाला देतो हे त्यांना पूर्ण कळते. सहीआधी ते गॅस पाहायला उठले. एकदाच.

ठिकाण: देवपूर, धुळे
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२४, दुसरा शनिवार