कलम चौदा आणि आईचा टीव्ही

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आणि वहिनींचं पित्त, दोन्ही आटोक्यात असतील असं धरून पुढे लिहितो. (नसतील तर कळव, पण आधी इकडचं ऐकून घे.) आमच्याकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत असते, म्हणून लिहिलं. आता खरं सांगतो.

तू आईला आणि तिच्या टीव्हीला माझ्याकडे पोचवून गेलास त्याला उद्या सहा आठवडे होतील. मधले चार दिवस सोडले तर त्या दिवसापासून दोघंही बंद आहेत. टीव्ही टेबलावर, आई समोरच्या खुर्चीत. मी कामावरून आलो की ती एवढंच विचारते, "लागला का रे?" मी म्हणतो, "लागेल." मग ती जेवताना दोन घास कमी खाते. एकट्याची शांतता माझ्या अंगवळणी पडली होती, ही दोघांची फार जड जाते. तिला बोलतं करायचं तर तो टीव्ही लागायलाच हवा, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं.

केबलवाला तिसऱ्याच दिवशी आला होता. त्याने भिंतीला ड्रिल टेकवलं मात्र, खालून घरमालक वर आले. (निवृत्त ग्रंथपाल. जिन्यावर चपला वाजल्या तरी खाकरतात.) हातात भाडेकरार. चष्मा लावून त्यांनी कलम चौदा वाचलं: भाडेकरू आतल्या वा बाहेरच्या भिंतीस खिळा, तार, दोरी, अँटेना अथवा तत्सम काहीही लावणार नाही, लावू देणार नाही, आणि लावल्याचे आढळल्यास सबब सांगणार नाही. केबलवाला म्हणाला, "कुणी लिहिलंय हो हे? माणूस आहे का कोण?" मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

दादा, ते मी लिहिलंय. कोर्टाबाहेरच्या पत्र्याखाली बसून वीस वर्षं लोकांचे करार टाइप करतोय, आणि स्वतःच्या कराराची वेळ आली तेव्हा अंगात आलं. मालक बिचारे म्हणाले होते, दोन ओळी पुरेत. मीच म्हटलं, असं कसं, काम चोख हवं. इतर भाडेकरूंना जखडायला जमवलेली सगळी कलमं मी स्वतःवर घातली. 'तत्सम' तर इतकं आवडलं होतं की सात ठिकाणी वापरलंय.

घरमालक केबलला नाही म्हणू शकतो का, असं शेजारच्या टेबलावरच्या वकीलसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, एरवी भांडून बघितलं असतं, पण करारात काय कबूल केलंय ते पाहावं लागेल. मग करार पाहिला, दोनदा वाचला. "पळवाट म्हणून ठेवलेली नाही, उत्तम मसुदा," म्हणाले, आणि एक प्रत स्वतःसाठी ठेवून घेतली. वीस वर्षांत माझं एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं, आणि घरी जायला पाय उचलत नव्हता.

शेवटी भिंतीला न शिवता वायर आणायची शक्कल लढवली. गच्चीवरून खाली सोडली आणि खिडकीतून आत घेतली. (खिडकी म्हणजे भिंत नव्हे, असा माझा युक्तिवाद.) टीव्ही लागला. पण वायरमुळे खिडकी मिटेना, आणि चार दिवसांच्या गार वाऱ्याने आईला खोकला धरला. "राहू दे उघडी," असं ती म्हणत होती, तरी मी वायर काढली. तिने तोंड फिरवलं ते फिरवलंच. मला स्वयंपाकघरात जाऊन रडू आलं, हे तुला म्हणून सांगतो. घरमालकाला दोन शिव्या देता आल्या असत्या तर हलकं वाटलं असतं. तेवढीही सोय मी करारात ठेवलेली नाही.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. : पत्र पाकिटात घालत होतो तेवढ्यात मालक वर आले. आईंचा खोकला खाली ऐकू येतो, म्हणाले. कलम चौदा रद्द केल्याचं स्वतःच्या हाताने लिहून आणलं होतं, दोन ओळींत. (टाइप करून देऊ का विचारलं, तर घाईघाईने नको म्हणाले.) केबल लागली. तेव्हा वरचं नाही वाचलंस तरी चालेल.

आणखी एक : पत्र चार दिवस खिशातच राहिलं, म्हणून हेही लिहितो. आई मालिका बघत नाही. संध्याकाळच्या बातम्यांच्या शेवटी गावोगावचं हवामान सांगतात, तेवढंच बघते. तुमच्या गावाचं नाव आलं की खुर्ची पुढे ओढते. "दादाकडे पाऊस आहे," म्हणते, आणि त्या दिवशी पोटभर जेवते. काल यादीत तुमचं गाव नव्हतं. बातम्या संपून जाहिराती लागल्या तरी ती तशीच बसून होती. तू तिला सोडून गेल्यापासून तुझा एकही फोन नाही. तेवढा कर. काय बोलावं ते सुचलं नाही, तर तिकडे ऊन आहे की पाऊस, एवढं सांग.