खांबाखालचा चेहरा

१८ जुलै २०२३

आजपासून आम्ही बारा जण ज्यूरीच्या खोलीत. चोवीस वर्षांच्या जेडनने गेल्या वर्षी जूनमध्ये मिल्क बारच्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानाच्या, म्हाताऱ्या मालकाला भोसकलं की नाही, एवढंच ठरवायचं. एवढंच! सगळी केस एका बाईच्या साक्षीवर. संध्याकाळी सहाच्या अंधारात (इथे जून म्हणजे ऐन हिवाळा), समोरच्या फुटपाथवरून, दिव्याच्या खांबाखाली तिने त्याचा चेहरा पाहिला म्हणे.

दहा जण गिल्टी, पण निकालाला एकमत हवं. मी आणि नोएलीन – रिटायर्ड नर्स – अडून बसलो. "इतक्या लांबून दिसतं का गं, लव्ह?" असं ती मला विचारत होती. मला काय माहीत!

१९ जुलै

काल गेले मी तिथे. जजने रोज बजावलंय, स्वतः तपास करायचा नाही, त्या जागी फिरकायचंसुद्धा नाही. तरी ट्रुगानिनाला घरी येताना गाडी वळवलीच. पंधरा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलंय, स्वतः करून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. यतीन वैतागतो, "दूध उतू गेलं म्हटलं तरी बायको येऊन बघणार!"

सहा वाजता खांबाखाली एक कुत्रेवाला थांबला होता. समोरून त्याच्या चष्म्याची काडीसुद्धा दिसली!

आज खोलीत बोलून टाकलं. जजला कळवूया, असं कुणीच म्हणालं नाही. नोएलीन म्हणाली, "वेल, तू पाहिलंयस तर..." चार वाजता निकाल दिला. गिल्टी. त्याची आई मटकन खाली बसली. मी बुटांकडे बघत राहिले.

२० जुलै

पोहे केले आणि सगळे यतीनच्या डब्यात भरून दिले.

५ सप्टेंबर

जेडनला सहा वर्षांची शिक्षा.

यतीनला सांगायचं होतं. पण खोलीतलं बाहेर बोलायचं नाही – हा नियम मात्र पाळतेय! मोठी आले नियमवाली.

१२ ऑगस्ट २०२४

जेडनचं अपील फेटाळलं. लंच ब्रेकमध्ये निकाल ऑनलाइन वाचला. ज्यूरीने साक्षीदाराला प्रत्यक्ष पाहिलं, ऐकलं. तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ज्यूरीनेच ठरवायचं – असं काहीसं. तीन-तीन जज आमच्या भरवशावर! आणि आम्ही बारा जण माझ्या एका चोरट्या फेरीवर. इतकी लाज वाटली की बाथरूममध्ये जाऊन रडले.

१३ ऑगस्ट

राहवेना. पुन्हा गेले. तोच कुत्रेवाला भेटला. म्हटलं, उजेड छान आहे इथे.

"हे नवे दिवे, मेट. बावीसच्या ख्रिसमसला बसवले. आधीचे पिवळे, मिणमिणते. माणूस आहे एवढंच कळायचं."

बावीसचा ख्रिसमस. हल्ला त्याआधी सहा महिने!

कशावर टेस्ट करताय ते आधी बघा, असं टीममधल्या नव्या पोरांना मीच घसा फोडून सांगते. आणि मी काय केलं? दिवे तेव्हाचेच का, एवढंही विचारलं नाही. त्याने केलं असेल, नसेलही. पण नोएलीनची शंका खरी होती आणि ती मी खोडून काढली. एक वर्ष तो आत आहे, माझ्यामुळे.

१४ ऑगस्ट

सुट्टी टाकली. ज्यूरी कमिशनरच्या ऑफिसला फोन केला. यतीन शेजारी बसून सगळं पहिल्यांदाच ऐकत होता. पलीकडची बाई म्हणाली, "याबद्दल तुमच्यावरच कारवाई होऊ शकते, मॅम." म्हटलं, माहितेय. ज्यूरर नंबर सात. नाव लिहून घ्या – एस फॉर शुगर, एच फॉर हॉटेल... शेवटच्या अक्षरापर्यंत सांगितलं.