रेघ मध्येच तुटते

३ मार्च

आधी हजेरी. हिचा गुडघा – जिन्यावर बोलतो, सपाटीवर गप्प. लेकाचा फोन आला, त्याची कंबर आता बरी. नात आमच्याकडे राहून शिकते, तिची सर्दी उतरली, आवाज मात्र अजून पिंपातून येतो. माझी तब्येत ठणठणीत. (लिहायला काय जातंय!)

नातीच्या कॉलेजचा शेवटचा प्रकल्प म्हणजे कॉम्प्युटरवरचा खेळ. तिघांनी मिळून बनवायचा, एकतीस तारखेला परीक्षकांपुढे मांडायचा. आमची पुढची खोली त्यांचा कारखाना झालीय. वायरींतून बगळ्यासारखा पाय उचलून टाकावा लागतो. आणि खेळ कशाचा? पाट्या रंगवायचा! चाळीस वर्षं मी दुकानांच्या पाट्या रंगवल्या, कुणाकडे न शिकता, दुसऱ्यांच्या पाट्यांखाली मान मोडेपर्यंत उभं राहून. तो धंदा पोरीनं खेळात घातला. मी पेपर वाचत असल्यासारखा बसलो, पण कान तिकडेच.

५ मार्च

टोळी कळली. ढांगळा आहे तो उंट – चित्रं काढतो. दुसरी मुंगी, स्वतःपेक्षा मोठं दप्तर पाठीवर. कुठलं बटण दाबलं की काय व्हायचं, हे सगळं ती लिहिते. आवाज, रंग आणि भांडणं नातीकडे.

ब्रश कसा धरायचा ते मी दाखवलं. उंटानं फोटो काढले. चहा सगळ्यांना भरून, मला अर्धा कप. हल्ली हे असंच. विचारलं तर ही म्हणते, चहा कमी केलेला बरा.

९ मार्च

आज खेळून बघायला मला बसवलं. त्यांचा नियम असा – खेळणाऱ्यानं काही विचारायचं नाही, बनवणाऱ्यांनी एक शब्द सांगायचा नाही. तिघं मागे वह्या घेऊन मुक्यासारखे बसतात. बटण दाबून धरलं की ब्रश टेकतो, सोडलं की उचलतो. एवढंच.

पहिली पाटी न्हाव्याची. तळाशी एक सरळ रेघ. माझी सहा ठिकाणी तुटली! दुसऱ्यांदा आठ. मागे नुसती पेन्सिलींची कुरकुर.

११ मार्च

मुंगीनं दोष स्वतःकडे घेतला. म्हणे, आजोबांनी बटण सोडलंच नाही, मग ब्रश उचलला कसा? माझ्या लिहिण्यात काहीतरी गोम आहे.

गोम कुठे आहे ते मला माहीत आहे. वर्षभर उजवा हात थरथरतो. बोट बटणावरून उडतं. दोरी न लावता बारा फुटी रेघ मारणारा हात हा! कोणत्या तोंडानं सांगू?

१६ मार्च

पाच दिवस झाले, शोध चालूच. बटणांची पाटी, म्हणजे कीबोर्ड, बदलून झाली, दुसरा कॉम्प्युटर आणून झाला. आज उंट तिला म्हणाला, "तुझं एक बटण सुधरेना, आणि माझ्या अठरा पाट्या अडून बसल्यात." मुंगी तोंड धुवायला गेली. नळ बराच वेळ वाहत होता. बाहेर येऊन नातीला म्हणाली, माझ्या जागी दुसरं कुणीतरी घ्या, मला हे जमत नाही.

मी पेपरामागे. एकच बातमी चार वेळा वाचली.

१७ मार्च

मुंगी आली नाही.

१८ मार्च

सकाळी त्यांच्या वहीत लिहिलं – "मुंगी, चूक तुझ्या खेळात नाही, माझ्या हातात आहे. हात थरथरतो. लाज वाटली म्हणून बोललो नाही, आणि बोलणी तू खाल्लीस. आजीला सांगू नका, ती काळजी करेल. वाचून लगेच उत्तर लिही." पुरावा निराळा द्यायला नकोच – अक्षरच साक्ष देत होतं. नात वही घेऊन मुंगीच्या घरी गेली.

१९ मार्च

मुंगी आली! माझ्या वाक्याखाली तिनं लिहिलं होतं – "आजोबा, आठवडाभर मी तुमचं बोट दुरुस्त करत होते." वाचून मीच आधी हसलो. उंटानं खाली बघत तिची माफी मागितली, तिनं त्याला दप्तर उचलायला लावलं.

मग उंट म्हणाला, तुटलेली रेघ कॉम्प्युटरच जोडून टाकेल. मी म्हटलं, "मग ती रेघ माझी नाही." नात चिडली. "तुमच्या धंद्यात कुणाचा हात कापतच नव्हता का?"

कापायचा की. त्यासाठी काठी असते. टोकाला कापडाचा गोळा, तो पाटीवर टेकवायचा आणि काठीवर मनगट. मी जन्मात वापरली नाही. वापरणाऱ्यांना हसायचो – लंगडे पेंटर म्हणायचो. हेही सांगून टाकलं.

मुंगीचं लिहिणं सुरूसुद्धा झालं होतं.

२६ मार्च

खेळात काठी आली. ती घेतली की ब्रश सावकाश चालतो, पण बोट जरा उडालं तरी उठत नाही. न्हाव्याच्या पाटीची रेघ – या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड. मागे नियम मोडून तिघंही ओरडले.

३१ मार्च

पास! परीक्षकबाईंनी दुसऱ्याच पाटीला स्वतःहून काठी घेतली म्हणे. नात मला मंगळवारी डॉक्टरकडे नेणार आहे. म्हणजे हिला सांगणं आलं.

१ एप्रिल

सांगितलं. ही चहा गाळत होती, वळलीसुद्धा नाही. "मग वर्षभर कप अर्धा कशासाठी भरत होते?"

आज काठोकाठ भरला. म्हणाली, "दोन्ही हातांनी धरा."