ओरिजिनल आवाज

२ नोव्हेंबर २०२५, रविवार. सकाळी ९.
ठरलं. धम्मदीपच्या गेमची फिल्म करायची. ११ डिसेंबरला त्याला जाऊन वर्ष होतंय. गावी पुण्यानुमोदनाला सगळे जमणार, भन्ते येणार. फोटोला हार घालायचा आणि जेवून उठायचं, हे माझ्यासारख्या व्हिडिओ लाइनमधल्या माणसाला शोभत नाही. मोठा भाऊ म्हणून काहीतरी भव्य पाहिजे.

ॲनिमेशन, सायन्स फिक्शन, हॉरर. तिन्ही एकत्र, तेही गेमवरून. मराठवाड्यात आजवर कोणी केलेलं नाही. चौकशी केली नाही, पण नसणारच.

अनुभव: नांदेडात लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग, अठरा वर्षं. नवरदेवाला चंद्रावरून मंडपात मी २०११ सालीच उतरवलेला आहे.

३ नोव्हेंबर.
हैदराबादहून आलेल्या बॅगेतून त्याचा लॅपटॉप काढला. वर्षभर कपाटावर होता. सीझन होता, वेळ मिळाला नाही. तिथं तो गेम टेस्टर होता, म्हणजे दुसऱ्यांचे गेम खेळून चुका शोधायचा. हा गेम मात्र त्याचा स्वतःचा.

पासवर्ड माहीत नाही. आधी माझं नाव टाकलं, संघपाल. मग माझी जन्मतारीख. बायकोने, मनिषाने, मायचं नाव टाकलं, उघडला. योगायोग.

४ नोव्हेंबर.
गेमचं नाव ‘केंद्र सतरा’. शनीच्या एका चंद्रावर, बर्फात, एक केंद्र आहे. सगळी माणसं गेलेली, एकच मेकॅनिक उरलाय. आणि एक प्राणी. तो समोर फारसा येत नाही, दाराआडून घरच्या माणसाच्या आवाजात हाक मारतो, असं सुरुवातीला स्क्रीनवर लिहून येतं. मेकॅनिकने ओ दिली की संपला. माय लहानपणी आम्हाला हेच सांगायची, की ओळखीचा आवाज असला तरी पहिल्या हाकेला ओ देऊ नये. त्याने ते शनीवर नेलं.

मेकॅनिक बारीक, चष्मेवाला, डावा खांदा जरा खाली. मनिषा म्हणाली, हे तर भाऊजी. मला तो तरुणपणीचा मीच वाटतो. लहान भाऊ मोठ्याला हिरो मानतोच.

६ नोव्हेंबर.
अभ्यास. या प्रकारचे परदेशी सिनेमे पाहायला घेतले. दिसायला कार्टून, पण पोरांना दाखवू नयेत असे. यानात काहीतरी शिरतं आणि एकेक माणूस कमी होतो. पहिला पूर्ण पाहिला. दुसऱ्यात झोप लागली. तिसऱ्याचा अंदाज आला.

एक गोष्ट कळली. गेममध्ये माणूस मेला की परत त्याच दाराशी उभा राहतो. फिल्म केली की तो एकदाच मरतो. हे लिहून ठेवलं, मुलाखतीत कामाला येईल.

८ नोव्हेंबर. दुपार.
रेकॉर्डिंग सुरू. मी खेळायचं, स्क्रीन आपोआप रेकॉर्ड होणार. ॲनिमेशन आयतंच मिळालं. बाकीचे लोक यासाठी पाच-पाच वर्षं घालवतात.

लॅपटॉपचा आवाज बंद केला. नुसती गुरगुर, दुकानात गिऱ्हाईक दचकतं. रेकॉर्डिंगलाही ऑडिओची खूण काढून टाकली, फाइल हलकी होते. आमच्या धंद्याचा पहिला नियम आहे: ओरिजिनल आवाज काढा, वर गाणं टाका. लग्नात ओरिजिनल आवाज म्हणजे जनरेटर, किरकिरी लेकरं आणि रुसलेला मामा.

आज दुसऱ्या दारापाशी एकोणतीस वेळा मेलो.

१० नोव्हेंबर.
मायला फोन करून फिल्मचं सांगितलं. शनी, केंद्र, प्राणी, सगळं समजावलं. पंधरा मिनिटं मी बोलत होतो. तिने एकच विचारलं.

“दीपचा आवाज हाय का त्यात?”

म्हणालो, असणारच, एकदम क्लिअर. तिचा फोन साधा आहे, त्यात त्याचं काहीच राहिलेलं नाही. तिला बरं वाटलं. माणसाला बरं वाटेल असं बोलणं ही माझी पहिल्यापासूनची सवय आहे.

१४ नोव्हेंबर.
गेम संपवला. (शेवटची दोन दारं मनिषाने पार केली. भाजी निवडता निवडता. नशीब असतं एकेकाचं.) एकूण सहा तासांचं रेकॉर्डिंग.

शेवट फार कच्चा आहे. मेकॅनिक रेडिओसमोर बसतो आणि तीन मिनिटं नुसतं तोंड हलवतो. बोअर. वीस सेकंदांवर आणलं आणि वरून गुलाबाच्या पाकळ्या सोडल्या. धम्मदीपला एडिटिंगची समज नव्हती. मी कितीदा म्हणायचो, माझ्या दुकानात बस, शीक. रोज फोन करायचो. तो उचलायचा नाही, ते सोडा, मी मात्र एक दिवस चुकवला नाही. याला म्हणतात जिव्हाळा.

१६ नोव्हेंबर.
कंधारच्या शेषेरावांच्या मुलीच्या लग्नाची ऑर्डर. चार कॅमेरे, वर ड्रोन. माझ्या मशीनवर जागा पुरेना. धम्मदीपचा लॅपटॉप तगडा आहे. तो फॉरमॅट मारून सगळं लग्न त्यात भरलं.

गेम आता कशाला लागतो? पुस्तकावर पिक्चर निघाला की पुस्तक कोण वाचतं?

२० नोव्हेंबर.
किरकोळ अडचण. दोन्ही कामं शेजारी शेजारी उघडी होती. शेषेरावांच्या घरी काल पाहुण्यांसमोर व्हिडिओ लावला, तेव्हा हळदीत नवरीच्या मागे तीन सेकंद प्राणी उभा होता. नवरीची आत्या पडली. शेषेराव फोनवर बरंच बोलले. मी म्हणालो, माणसं घाबरली म्हणजे प्राणी जमला. त्यांनी फोन ठेवला.

पहिलीच टेस्ट स्क्रीनिंग यशस्वी.

२३ नोव्हेंबर. संध्याकाळ.
फिल्मला डायलॉग हवेत. प्राणी तोंड उघडतो, पण काय म्हणतो ते गेममध्ये कुठं लिहिलेलं नव्हतं. म्हणून लुंबिनीला फोन केला. देगलूरची मुलगी, धम्मदीपसोबत हैदराबादला कामाला होती, दवाखान्यात शेवटपर्यंत तीच होती. गेम पूर्ण ऐकलेली एकटी तीच.

विचारलं, प्राण्याला आवाज कोणाचा होता.

“दादा, तुमचाच की. तुमचे फोन रेकॉर्ड करून घातलते त्यानं.”

मग तिने आठवेल ते सांगितलं, मी लिहून घेतलं. ‘किती दिवस खेळतच बसणार?’ ‘गावात तोंड दाखवायला जागा ठेव.’ ‘तुझ्या वयात मी घर चालवत होतो.’ आणि प्रत्येक दाराशी एक वाक्य: ‘मी बोलून राहिलो ना, मधी बोलू नको.’

२४ नोव्हेंबर.
नीट विचार केला. शेवटचा रेडिओ सोडला, तर मेकॅनिक अख्ख्या गेममध्ये गप्पच असतो. सगळे डायलॉग प्राण्यालाच आहेत. म्हणजे मेन रोल मला दिला होता. कलाकार माणूस आवाज उगाच निवडत नाही, दम लागतो आवाजात.

मनिषाला हे सांगितलं. ती कपडे वाळत घालायला गेली.

२५ नोव्हेंबर.
लुंबिनीने आज आपणहून फोन केला. परवा एक सांगायचं राहिलं म्हणाली. शेवटी रेडिओसमोर मेकॅनिक बोलतो तो आवाज धम्मदीपचा स्वतःचा. तीन मिनिटं तो मायशी बोलतो. काय बोलतो, विचारलं. म्हणाली, शब्द आठवत नाहीत, त्याच्या खोलीवर एकदाच ऐकलं, तेव्हा रडू आलं होतं. मग तिनेच विचारलं, लॅपटॉप तुमच्याजवळच आहे ना?

हो म्हणालो. लॅपटॉप आहेच माझ्याजवळ.

२६ नोव्हेंबर.
घाबरायचं कारण नाही. फाइल म्हणजे फाइल, परत येते. शिवाजीनगरला एक जण डिलीट झालेलं काढून देतो. लॅपटॉप त्याच्याकडे ठेवला.

२९ नोव्हेंबर.
त्याने काढून दिलं ते असं: शेषेरावांच्या मंडपाचे चौऱ्याण्णव फोटो, आचारी, आणि ड्रोनमधून दिसणारा कंधारचा किल्ला. बाकीचं येणार नाही म्हणाला. नुसतं फॉरमॅट मारलं असतं तर निघालं असतं, वरून तुम्ही अख्खं लग्न भरलंय.

आजकाल कोणाला मनापासून काम करायचं नसतं.

३० नोव्हेंबर.
दिवसभर शोधाशोध. लुंबिनीचा फोन मध्ये बदललेला आहे. माझ्या फोनवर त्याचे मेसेज आहेत, सगळे टाइप केलेले. ‘हो दादा.’ ‘ठीक दादा.’ ‘जेवलो दादा.’

मग दुकानातल्या जुन्या डिस्क काढल्या. घरातली सगळी लग्नं मीच शूट नाहीतर मिक्स केलेली. माझ्या लग्नात तो माइक घेऊन उभा आहे, सगळे हसताहेत, तो बोलतोय. वर सनई. चुलत पुतणीच्या लग्नात कॅमेऱ्याकडे बघून मला काहीतरी सांगतोय. वर गाणं. मामाच्या पोराच्या लग्नात तेच. सात लग्नं पाहिली. सातही फर्स्टक्लास मिक्सिंग.

कच्च्या टेप मी ठेवत नाही. जागा अडते.

१ डिसेंबर.
सहा तासांच्या रेकॉर्डिंगमधली ती तीन मिनिटं परत काढली. ओठांवरून शब्द लावता येतात असं ऐकलंय. पन्नास वेळा पाहिलं. ओठ नुसते उघडतात आणि मिटतात, सुरुवातीपासून शेवटपर्यंत तसेच. त्याला तेवढंच ॲनिमेशन जमलं होतं.

मागच्या डिसेंबरचं लिहून टाकतो, कोण वाचतंय. त्याने स्वतःहून फोन केला होता. ताप आहे म्हणाला. मी लोह्याला मांडवात होतो. व्हायरल असेल, गोळी घे, म्हणालो, आणि नोकरीचं विचारलं. तो काहीतरी सांगत होता. तेवढ्यात नवरी आली आणि मी फोन ठेवला. डेंग्यू निघाला. ते मला कसं कळणार होतं?

३ डिसेंबर.
उपाय सापडला. साधा आहे. डबिंग.

आमचे आवाज सारखेच आहेत, रक्ताचे भाऊ. फोनवर लोक फसायचे. निदान एकदा गॅसवाला फसला होता. प्राण्याचं काम तर सोपं, पहिल्या टेकमध्ये ओके. कागदही लागला नाही.

५ डिसेंबर.
रेडिओचा सीन लिहिला. ‘आई, मी येथे सुखरूप आहे. तू काळजी करू नकोस. दादांनी माझ्यासाठी खूप केले, ते मी कधीही विसरणार नाही.’ इथे दोन सेकंद पॉझ.

मनिषा म्हणाली, भाऊजी मायला माय म्हणायचे. म्हणालो, फिल्मची भाषा शुद्ध लागते. मग तिने विचारलं, शेवटचं वाक्य ठेवणार आहात का? ठेवणार आहे. सीनला वजन येतं.

६ डिसेंबर.
दुकान बंद. सकाळी पांढरे कपडे घालून पुतळ्यापाशी अभिवादनाला गेलो. दोघा-तिघांनी फिल्मबद्दल विचारलं. जोरात चाललंय म्हणालो. मायचाही फोन आला. गावात सगळ्यांना सांगून बसलीय, की दीपचा आवाज ऐकायला या.

खरं काय ते सांगणार होतो. पण रेंज नीट नव्हती.

९ डिसेंबर.
चव्वेचाळीस टेक. घसा गेला. हळद घालून दूध, गुळण्या, काही फरक नाही. पण त्याचा आवाज जरा घोगराच होता, त्यामुळे फायदाच होईल. घोगराच होता बहुतेक.

११ डिसेंबर, गुरुवार. बिलोलीहून परत येताना, बसमध्ये.
सकाळी वंदना झाली, भन्ते बोलले, भोजनदान झालं. दुपारी विहारात टीव्ही लावला. साठेक माणसं होती. माय सगळ्यात पुढे, टीव्हीला गुडघे टेकतील इतकी जवळ.

एकवीस मिनिटं. प्राणी बोलायला लागला तशी माणसं वळून माझ्याकडे पाहू लागली. ‘मधी बोलू नको’ला मागे कोणीतरी हसलं. रामलिंगमामा म्हणाले, आवाज तर डिट्टो संघपालचा हाय. मी मान हलवली.

मग रेडिओ आला. मायने पदर डोक्यावर नीट घेतला आणि कान पुढे केला. ‘आई, मी येथे सुखरूप आहे.’ दुकानात ते वाक्य मला बरं वाटलं होतं. तिथं संपता संपेना. दादांनी खूप केले, हे आलं तेव्हा मला टीव्ही बंद करायचा होता, पण रिमोट कुठं ठेवला ते आठवेना. पाकळ्या पडल्या. संपलं. लोकांनी टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कोणाला कळलं नाही.

माय उठली. मला वाटलं, फोटोपाशी जाईल. ती चुलीकडे गेली, तांब्यात गरम पाणी घेऊन आली आणि माझ्या हातात दिलं.

“घसा बसलाय तुझा,” म्हणाली. “लई बोललास.”

एवढंच. मग ती भांडी गोळा करायला बायकांमध्ये गेली. निघताना तिने नेहमीसारखा डबा बांधून दिला.

१२ डिसेंबर. सकाळ.
दुकान उघडलं नाही. आवाज पूर्ण गेलाय. मनिषा म्हणाली, आज काही बोलू नका.

या वहीत मागे लिहिलंय, मी रोज फोन करायचो, तो उचलायचा नाही. तसं नव्हतं. बऱ्याचदा उचलायचा. सकाळपासून एकेक फोन आठवून राहिलोय. दसऱ्याचा, बोनसचा, मुलगी पाहायला ये म्हणालो तो, लोह्याच्या मांडवातला. मी काय काय म्हणालो ते सगळं तोंडपाठ आहे, शब्दाला शब्द. मधे तोही काहीतरी म्हणायचा. तिथं काहीच ऐकू येत नाही.