माथेरानला गाडी जात नाही

२ फेब्रुवारी, रविवार

ठरलं. पोरांना सांगायचं नाही.

राजरत्न, वैशाली आणि सम्यक — तिघांना गाडीत घालायचं आणि माथेरानला नेऊन उतरवायचं. चार दिवस. सुना, जावई जयवंत, नातवंडं कोणी नाही. माझी तीन पोरं, मी आणि रामदास. (वहीत मी नवऱ्याला रामदास म्हणते. घरात 'अहो'. शेहेचाळीस वर्षं झाली लग्नाला, कुठेतरी नाव घ्यायला मिळावं.)

पोरं म्हणजे — मोठा चव्वेचाळीसचा, केस गेले. वैशाली एक्केचाळीस. धाकट्याला छत्तिसाव्या वर्षीच पित्त. पण पोरंच. लहानपणी यांना सुट्टी अशी मिळालीच नाही. मी हॉस्पिटलात सिस्टर, रामदास शिवडीच्या गोदामात. दोघांची रजा कधी एकत्र जुळली नाही. मे महिन्यात गाव, सहा डिसेंबरला चैत्यभूमीला पाणी वाटायला, झालं फिरणं. 'मी सुट्टीत काय केले' हा निबंध तिघंही खोटा लिहायचे. सम्यकने एकदा काश्मीर लिहिलं. बाईंनी विचारलं, बर्फ कसा होता रे? तर म्हणाला, गार.

आणि माथेरानच का — तर तिथे गाडी जात नाही. दस्तुरी नाक्याला उतरायचं, पुढे पायी, नाहीतर घोडा. म्हणजे भांडण झालं की गाडी काढून निघून जाता येत नाही. राजरत्नची ती खास सवय आहे. मुद्दा संपला की किल्ली उचलतो.

४ फेब्रुवारी

भांडण कशावरून, तेही लिहून ठेवते. उद्या मीच विसरले तर बरं होईल, पण विसरणार नाही.

करी रोडची आमची चाळ पडली, टॉवर झाला, आम्हाला एकोणिसाव्या मजल्यावर घर मिळालं. दहा बाय बाराच्या खोलीत पाच जण झोपत होतो तेव्हा कोणाचा पाय कोणाला लागला नाही. आता दोन बेडरूम आणि दोन संडास मिळाले तर भाऊ भावाशी बोलत नाही. चौदा महिने झाले.

गृहप्रवेशाच्या दिवशीच. वंदना संपली, खीर वाटायची होती. राजरत्न म्हणाला, "मी थोरला. बारावीचा अभ्यास गॅलरीतल्या दिव्याखाली केलाय मी." सम्यक म्हणाला, "दादाचा डोंबिवलीत स्वतःचा फ्लॅट आहे. मी भाड्याने राहतो." वैशाली म्हणाली, "मला काही नको," आणि खीर वाढायला उठली. आम्ही दोघं समोर खुर्च्यांवर बसलेलो. जिवंत. हे कोणाच्या लक्षात आलेलं दिसलं नाही.

७ फेब्रुवारी

फोन केले. एकवीस तारखेपासून चार दिवस मोकळे ठेवा. कुठे, कशाला, विचारायचं नाही.

राजरत्न — "आई, मार्च एन्डिंग."
"फेब्रुवारी आहे."
"तयारी असते गं."

सम्यकचा आवाज एकदम बारीक झाला. "रिपोर्ट आलेत का? खरं सांग. किडनी?" म्हटलं, किडनी उत्तम आहे, डोकं फिरलंय, तू येतोस का? तर म्हणाला, ऑफिसात रिलीज आहे. काय सोडतात कोणास ठाऊक, दर महिन्याला सोडतात.

वैशाली नुसतं म्हणाली, "बघते." तिचं 'बघते' म्हणजे नाही. शाळेत शिकवते, त्यामुळे नाही असं तोंडावर म्हणत नाही.

८ फेब्रुवारी

तिघांचं नाही. रामदासने आपणहून दोनदा चहा केला. दोन्ही वेळा पांचट.

१२ फेब्रुवारी

तिघांचं हो! एकाच संध्याकाळी, पाठोपाठ. राजरत्नचं मार्च एन्डिंग पुढे गेलं. सम्यकचं जे काय सुटणार होतं ते सुटलं. वैशालीला रजा मिळाली. "आईने एवढं बोलावलंय तर यायलाच पाहिजे," राजरत्न म्हणाला. मला भरून आलं. रामदासला सांगितलं, बघा, रक्त आहे शेवटी. तो खिडकीतून खालचं पार्किंग बघत म्हणाला, "हो, रक्तच."

२१ फेब्रुवारी, शुक्रवार. माथेरान

आधी प्रवास. गाडी भाड्याची, ड्रायव्हरसकट. सम्यक पुढे, राजरत्न मागे, मध्ये वैशाली.

"वैशू, त्याला सांग काच वर घे."
"ताई, त्याला सांग मला गरम होतंय."

नेरळपर्यंत वैशाली टेलिफोन एक्सचेंज होती. रामदास झोपल्याचं नाटक करत होता. त्याला ते कधीच जमलं नाही, पापण्या हलतात.

दस्तुरी नाक्याला उतरलो. मी भाषण तयार केलं होतं. 'तुम्हाला लहानपणी जे देता आलं नाही' इथून सुरुवात होती. म्हटलं, "माथेरान." तिघांनी आजूबाजूला पाहिलं. झाडं, घोडे, माकडं. राजरत्नने विचारलं, "इथे कोणाला भेटायचंय?" म्हटलं, एकमेकांना. तो हसला. मला वाटलं, विनोद आवडला.

मग हॉटेल. काउंटरवरचे वसंतराव म्हणाले, "प्रत्येकाचं आधार दाखवा." साधं काम. राजरत्नने बॅगेतून एक प्लास्टिकची फाइल काढली. आधार, पॅन, त्यांच्या झेरॉक्स, पासपोर्ट साइजचे चार फोटो, जन्माचा दाखला. सम्यकनेही काढली. तशीच फाइल, फक्त निळी. मग वैशालीने काढली. मला-काही-नको वैशालीने. तिच्या फोटोंची तर पाकिटावर तारीख होती, पंधरा फेब्रुवारी. मुद्दाम काढून घेतलेले.

वसंतराव म्हणाले, "एवढं लागत नाही हो." तिघांनी एकमेकांच्या फायली पाहिल्या. मी तिघांच्या पाहिल्या. रामदास बाहेर माकडाकडे बघत होता. इतक्या श्रद्धेने माकडाकडे कोणी बघत नाही.

त्याला व्हरांड्यात गाठलं.

"तुम्ही काय सांगितलंत त्यांना?"
"काही नाही. आई घराचं ठरवतेय, एवढंच."
"मी कुठे ठरवतेय?"
"मग ते आले असते का?"

तो म्हणाला, "त्या दिवशी फोन झाल्यावर तू तेच कपडे तीनदा घडी घातलेस. मला बघवेना."

मी रडले वगैरे नाही. पण रात्रीचं जेवण मला जाईना. आईला भेटायला नाही आले, जागेचा पंचनामा करायला आले. आणि नवऱ्याला हे आधीपासून ठाऊक होतं. मला सोडून सगळ्यांना माझी पोरं नीट ओळखता येतात.

२२ फेब्रुवारी

नाश्त्याला पोहे. सांगून टाकलं. "वकील येणार नाही. सह्या नाहीत. तुम्हाला फिरायला आणलंय."

मग सम्यक — "म्हणजे फक्त फिरायला?" जसं काही मी किडन्या काढायला आणलं होतं.

राजरत्न — "बाबा, तुम्ही खोटं बोललात?"
रामदास, चमचा तोंडात — "थोडं."
"आई, मी रजा टाकून आलोय. हे चीटिंग आहे."

मग मीही बोलले. आम्ही मेल्यावर यायचं तर फायली घेऊन या, जिवंतपणी रिकाम्या हाताने यायला काय होतं? आवाज चढला असणार, कारण शेजारच्या टेबलावरच्या गुजराती बाईने मुलाचे कान झाकले. तिला मराठी येत असावं.

राजरत्न उठला. किल्ली शोधायला हात खिशात गेला, पण गाडी आम्हाला सोडून परत गेली होती. क्षणभर मला फार बरं वाटलं.

आणि तेव्हा ते झालं. सम्यक त्याच्याकडे वळून म्हणाला, "दादा, निघतोयस?"
"निघतोय."
"थांब. मी पण."

चौदा महिन्यांनी. मध्ये वैशाली नाही, कोणी नाही, सरळ तोंडावर. मी टाळ्या वाजवणार होते, पण ते माझ्यावर चिडूनच एक झाले होते, तेव्हा बरं दिसलं नसतं.

फाटकापासून बघत राहिले. लाल मातीत त्या चाकांच्या बॅगा चालेनात. थोडं पुढे दोघांनी बॅगा उचलून खांद्यावर घेतल्या. "आईचं ना, पहिल्यापासून असंच..." एवढं ऐकू आलं. पुढे वळण होतं.

माथेरानला गाडी जात नाही, ही माझी अक्कल. माणसं चालत जाऊ शकतात, हे डोक्यातच आलं नाही.

वैशाली म्हणाली, "मी थांबते."

२३ फेब्रुवारी

हे कसं लिहू कळत नाही. जसं झालं तसं लिहिते.

सकाळी तळ्यावर गेलो, मी आणि वैशाली. रामदास मागून हळूहळू येत होता. बाकावर बसलो. कालचा राग माझ्या तोंडात होताच. म्हटलं, "तू का नाही गेलीस? फाइल तर तुझीही आहे. मला काही नको म्हणणाऱ्याला फोटो कशाला लागतात?"

ती पाण्याकडे बघत म्हणाली, "मला घर हवंय, आई."

मला वाटलं, टोमणा आहे. वळून पाहिलं. टोमणा नव्हता.

"मी सप्टेंबरपासून दादरला राहते. बायकांच्या होस्टेलात. एका खोलीत तिघी."
"आणि जयवंत?"
"पनवेलला. त्याच्याकडे दुसरी राहायला आली." कुठली बस कुठे जाते हे सांगावं, तसं सांगितलं. "भांडले, मारामारी केली असं काही नाही. तो म्हणाला, तू समजून घे. मी दोन महिने समजून घेतलं. मग निघाले."

दादर. करी रोडपासून दोन स्टेशनं. दर रविवारी येत होती माझ्याकडे. आणि मी दर रविवारी म्हणायचे, एवढ्या लांबून पनवेलवरून कशाला धडपडत येतेस गं, दमत असशील. ती म्हणायची, सवय झालीय.

वॉर्डात शिरलं की कोणाला ताप आहे हे मी थर्मामीटर न लावता सांगायचे. मोठमोठे डॉक्टर मानायचे. सिस्टर कांताची नजर! आणि माझी मुलगी समोर बसून पाच महिने वाळत गेली, तर मी काय म्हणाले? डाएट छान चाललंय तुझं. दोनदा म्हणाले. एकदा पाहुण्यांसमोर.

"मला सांगितलं का नाहीस?"
"दादा आणि समू घर ओढत होते. त्यात मी तिसरी कुठे हात घालू? आणि तू सगळ्यांना सांगायचीस, वैशालीची एक काळजी नाही."

सांगायचे खरी. गेल्या रविवारी खालच्या जाईबाईंना सांगितलं, ती शेजारीच उभी होती.

रामदास येऊन पोचला. मी त्याला दोन वाक्यांत सांगितलं. तिच्या पलीकडे बसला. म्हणाला, "फाइल आणलीयस ना? राहू दे जवळ. लागेल."

ती तेव्हा रडली. मीही.

२४ फेब्रुवारी

वैशालीला विचारूनच दोघांना एकत्र फोन लावला. दोघांना एका वेळी लावायचं सम्यकनेच शिकवलं होतं. तिचं सगळं सांगितलं. जयवंत, होस्टेल, सप्टेंबर.

मग म्हटलं, "ती आजपासून आमच्याकडे राहील. आणि आमच्यामागे घर तिचं. बाबांचं आणि माझं ठरलंय."

राजरत्न म्हणाला, "आणि आम्ही?"
"तुम्हाला संध्याकाळी परत जायला दार आहे."
सम्यक म्हणाला, "हे तू आधी सांगायला हवं होतंस."
"मला आधी माहीत नव्हतं."

हे वाक्य मी पोरांना आयुष्यात पहिल्यांदा बोलले. त्यांनाही ते नवीन असावं. राजरत्नने फोन ठेवला. मग सम्यकने ठेवला.

वसंतराव हिशेबाला आले, तर विचारलं, मुक्काम कसा झाला? रामदास म्हणाला, "हवा चांगली आहे."

२७ फेब्रुवारी

वैशाली मागच्या खोलीत. फोन दोघांचाही नाही. मीही केला नाही. मी आई आहे, पण मलाही मान आहे. (रामदासने चोरून केला होता. दोघांनीही उचलला नाही.)

२ मार्च, रविवार

दुपारी बेल वाजली. राजरत्न आणि सम्यक. न सांगता. खाली टेम्पो उभा.

दोघं सकाळी पनवेलला गेले होते. वैशालीचं कपाट, शिवणयंत्र, पुस्तकं, कुकरसुद्धा घेऊन आले. जयवंतशी काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. सम्यकच्या शर्टाची दोन बटणं नव्हती.

कपाट लिफ्टमध्ये मावेना. एकोणीस मजले जिन्याने चढवलं, दर मजल्याला टेकवत. वैशालीने पाणी दिलं, प्यायले. तिच्या डोक्यावर राजरत्नने हात ठेवला. माझ्याकडे दोघांनीही पाहिलं नाही, एक अक्षर बोलले नाहीत. लिफ्टची वाट न बघता जिन्यानेच निघाले.

मी दारात उभी राहिले. जिन्यातून बराच वेळ दोघांच्या गप्पा ऐकू येत होत्या.